मरोळ नाक्याची चित्रकथा

‘अमर चित्र कथा’चा ऐंशीच्या आसपासचा एखादा जुना इंग्रजी अंक हाती लागला, तर गोष्टीकडे वळण्याआधी त्यातली सगळ्यात बारीक टायपातली ओळ शोधावी. प्रकाशक एच. जी. मिरचंदानी, इंडिया बुक हाऊस एज्युकेशन ट्रस्ट, २९, वुडहाऊस रोड, मुंबई ४०० ०३९. त्याला लागूनच छपाईचा पत्ता: आयबीएच प्रिंटर्स, मरोळ नाका, मथुरादास वसनजी रोड, अंधेरी पूर्व, मुंबई ४०० ०५९.

एक पत्ता कुलाब्याचा, दुसरा अंधेरी-कुर्ला रस्त्यावरचा. संस्थेचा इतिहास सांगणारे सहसा पहिल्या पत्त्यावर रमतात. तिथे संपादक होते, लेखक होते, वाचकांची पत्रं येत होती, पुढे मुलाखती घेणारेही तिथेच गेले. मरोळला कोण जाणार? गाळे, कारखाने, ट्रक आणि बेस्टच्या गर्दीचा तो भाग. पण मुंबईतल्या बऱ्याच संस्थांचं हे असंच आहे. पाटी फोर्टात किंवा कुलाब्यात आणि काम उपनगरात.

या संस्थेच्या आयुष्यात एक वर्ष असं आलं, की नवी पुस्तकं निघणं थांबलं आणि तरीही जुन्यांची छपाई चालू राहिली. ते वर्ष १९९१. वाटचाल लिहायला बसलं की १९६७ पासून सुरुवात करायची रीत आहे आणि ती मोडण्याचं कारण नाही. पण माझ्या मते संस्थेची परीक्षा १९९१ ला झाली. त्या परीक्षेत ती का तरली हे समजायचं, तर आधीची सगळी मांडामांड पाहावी लागते.

अनंत पै मूळचे कारकळचे, जन्म १७ सप्टेंबर १९२९. आईवडील फार लवकर गेले. बाराव्या वर्षी मुंबईला आले, माहीमच्या ओरिएंट स्कूलमध्ये शिकले, पुढे विद्यापीठातून रसायन तंत्रज्ञानाची पदवी घेतली. त्या काळात अशी पदवी म्हणजे चांगल्या नोकरीची हमी. यांनी १९५४ मध्ये ‘मानव’ नावाचं मुलांचं मासिक काढलं आणि ते बंदही पडलं. मग टाइम्स ऑफ इंडियाच्या पुस्तक विभागात नोकरी. तिथे मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं. ली फॉकचा फँटम म्हणजे आपला वेताळ भारतीय भाषांमधून घरोघरी पोहोचला तो या मालिकेमुळे. परदेशी चित्रपट्ट्यांचे हक्क घ्यायचे, चौकटी पुन्हा जुळवायच्या, मजकूर भाषांतरित करायचा, हा सगळा व्यवहार पैंनी तिथे जवळून पाहिला. त्यांचं शिक्षण रसायनाचं, पण कॉमिक्सची शाळा हीच.

फेब्रुवारी १९६७ ची गोष्ट तर आता पुराणासारखी सांगितली जाते. पै दिल्लीत होते. एका पुस्तकांच्या दुकानातल्या दूरचित्रवाणी संचावर मुलांची प्रश्नमंजूषा चालू होती. ग्रीक देवदेवतांबद्दलची उत्तरं मुलांनी झटपट दिली. रामाच्या आईचं नाव विचारल्यावर मात्र सगळे गप्प. हे दिल्लीतच घडू शकत होतं, कारण मुंबईत दूरदर्शन आलं ते २ ऑक्टोबर १९७२ ला. पैंनी नोकरी सोडली, प्रकाशकांचे उंबरे झिजवले आणि शेवटी जी. एल. मिरचंदानींच्या इंडिया बुक हाऊसने मालिका हाती घेतली.

याच गोष्टीला बंगळुरूचीही एक बाजू आहे. इंडिया बुक हाऊसचं तिथलं काम पाहणारे जी. के. अनंतराम यांच्या पुढाकाराने १९६५ मध्येच कन्नडमध्ये ‘अमर चित्र कथा’ नावाचे अंक निघाले होते. सिंड्रेला, हिमगौरी अशा पाश्चात्त्य परीकथांचे. इंग्रजी मालिकेतला ‘कृष्ण’ हा अंक क्रमांक ११ आहे, तो त्यामुळेच. आधीचे दहा क्रमांक त्या परीकथांनी व्यापलेले होते. म्हणजे परक्या गोष्टींना उत्तर म्हणून निघालेल्या मालिकेच्या पहिल्या दहा जागा परक्या गोष्टींच्याच. संस्थापकाचं श्रेय कोणाला, यावर वाद घालणारे घालतात. मला विचाराल तर कल्पना दोघांना सुचली असेल, पण ती पाव शतकभर रेटून नेली पैंनी. संस्था उभी राहते ती अशा रेटण्यावर.

‘कृष्ण’ १९६९ च्या सुमारास निघाला. चित्रं राम वाईरकर यांची. इथून पुढची वाटचाल मराठी हातांची आहे आणि ती आपल्याकडे पुरेशी सांगितली गेलेली नाही. राम वाईरकर, पुण्याचे प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे, सी. एम. विटणकर, प्रदीप साठे, अशोक डोंगरे. युसूफ लिएन, सौरेन रॉय, जेफ्री फाउलर असे इतर चित्रकार होतेच, पण मालिकेचं रूप ठरलं ते प्रामुख्याने वाईरकर आणि मुळीक यांच्या कुंचल्याने. दोघांची चाल वेगळी. वाईरकरांची रेघ चपळ आणि हसरी. गोकुळातला दंगा त्यांनी काढावा. मुळीकांची माणसं भारदस्त, पिळदार, प्रत्येक स्नायू जागच्या जागी. ‘शिवाजी’चा अंक मुळीकांचा. त्यांचे महाराज घोड्यावर बसले की घोड्यालाही वजन जाणवतं.

दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९८६ मध्ये नागराज आणला, तेव्हा त्याला अंगपिंड देणाऱ्यांतही मुळीक होते. सापांचा तो महानायक उत्तर प्रदेश-बिहारच्या पोरांनी डोक्यावर घेतला. त्याच्या दंडाचे स्नायू पुण्यात तयार झालेत हे त्यांच्या गावीही नव्हतं.

हे काम होत कसं होतं, तेही पाहू. लेखक चौकटींच्या हिशेबाने पटकथा लिहायचा. कोणत्या चौकटीत कोण उभं, काय बोलतंय. पै ती तपासायचे. पौराणिक गोष्ट असेल तर मूळ ग्रंथाचा आधार लागायचा आणि अंकाच्या सुरुवातीच्या छोट्या टिपणात तो सांगितला जायचा. भागवत, महाभारत, कथासरित्सागर, जे असेल ते. मग चित्रकार पेन्सिलीने आराखडा काढायचा, मंजुरी मिळाली की शाईने पक्कं करायचा. अक्षरं हाताने लिहिलेली. कुठल्या जागी कुठला रंग ते दाखवणारी कलर गाईड वेगळी. त्यावरून पॉझिटिव्ह म्हणजे छपाईची फिल्म, पॉझिटिव्हवरून प्लेट आणि मग मशिनवर कागद. ३२ पानं म्हणजे सोळा पानांचे दोन फर्मे आणि वर मुखपृष्ठ, मध्ये दोन पिना. एवढाच तो ऐवज.

यातली गोम अशी, की चित्र एकदा तयार झालं की भाषा बदलायला सगळं काम नव्याने करावं लागत नाही. पिवळा, निळा, लाल या तीन रंगांच्या प्लेटा त्याच ठेवता येतात. अक्षरं काळ्या रंगात असतात, त्यामुळे बदलायची ती काळी प्लेट. मराठी, हिंदी, गुजराती, तमिळ, मल्याळम, बंगाली, सगळ्यांचा राम एकाच निळ्या रंगाचा, फक्त फुग्यातलं बोलणं वेगळं. पॉझिटिव्ह नीट जपून ठेवली, तर वीस वर्षांनीही तोच अंक पुन्हा छापता येतो. कपाटातली पॉझिटिव्ह ही या संस्थेची खरी ठेव होती. पैंची दृष्टी, लेखकांचा अभ्यास, चित्रकारांचा हात, सगळं शेवटी तिथे येऊन साठत होतं.

पहिली काही वर्षं खप जेमतेम होता. शाळा आणि पालक कॉमिक्सकडे तिरक्या नजरेनेच पाहायचे. कॉमिक वाचणं म्हणजे अभ्यास बुडवणं, हे समीकरण घट्ट होतं. पैंनी ते तोडायला शाळांचीच वाट धरली. १९७८ मध्ये दिल्लीत शालेय शिक्षणातल्या चित्रकथेच्या स्थानावर परिसंवाद भरवला गेला. मास्तरांचा शिक्का बसला की आईवडिलांचा खिसा सैल होतो, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. पुराणांच्या जोडीला इतिहास आला, संत आले, क्रांतिकारक आले. तानाजी, बाजीराव, अहिल्याबाई, ज्ञानेश्वर, तुकाराम, एकनाथ, टिळक. १९७९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांवरचा अंक निघाला. पटकथा एस. एस. रेगे यांची, चित्रं दिलीप कदम यांची. भरभराटीच्या काळात सगळ्या भाषा मिळून महिन्याला सात लाख प्रती खपत, असा आकडा सांगितला जातो.

उपनगरातली पोरं हे सगळं विकत घेऊन वाचायची, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, विलेपार्ले, जिथे जिथे मध्यमवर्गी वस्ती वाढली तिथे तिथे खुराड्याएवढ्या जागेत लायब्ऱ्या निघाल्या. अनामत रक्कम ठेवायची, काही पैशांत एका दिवसासाठी अंक घरी न्यायचा. नेलेला अंक आधी आपण, मग धाकटी बहीण, मग शेजारच्या दोघांनी वाचायचा आणि संध्याकाळी पिना निखळायच्या आत परत करायचा. मे महिन्यात तर दिवसाला दोन. वेताळ, चांदोबा, किशोर आणि अमर चित्र कथा एकाच फळीवर. स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर नवा अंक टांगलेला दिसे, पण तो विकत मिळायचा गावाला जाताना किंवा पहिला नंबर आल्यावर. एका प्रतीमागे किती वाचक, याचा हिशेब कोणत्याच प्रकाशकाच्या वहीत नसणार.

एप्रिल १९८० मध्ये ‘टिंकल’ निघालं. हा दुसरा पाय. अमर चित्र कथा पुस्तकांची मालिका, तर टिंकल नियतकालिक. पहिल्यात संपादक सांगणार आणि मुलं ऐकणार. दुसऱ्यात मुलं लिहू लागली. वाचकांनी आजीकडून ऐकलेल्या लोककथा पाठवाव्यात, त्या छापल्या जाव्यात, खाली नाव यावं, ही रीत तिथे पडली. उत्तरं द्यायला ‘अंकल पै’ म्हणजे अनंत पै होतेच.

सुप्पंडी असाच टपालाने आला. त्रिचीच्या पी. वरदराजन या वाचकाने तिकडच्या एका खुळ्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या आणि राम वाईरकरांनी त्याला चेहरा दिला. लांबुडकं डोकं, वर केसांचा झुपका, चेहऱ्यावर कमालीचं समाधान. १९८३ मध्ये तो पहिल्यांदा छापला गेला. मालकाने सांगितलेलं शब्दशः करायचं आणि घोटाळा करून ठेवायचा, एवढ्या भांडवलावर त्याने चाळीस वर्षं काढली. त्याच वर्षी शिकारी शंभू आला. कल्पना लुईस फर्नांडिस यांची, चित्रं वसंत हळबेंची. सोला हॅट इतकी खाली ओढलेली, की त्याचे डोळे कधीच दिसत नाहीत. डोळे न दाखवता नुसत्या मिशा आणि खांद्यांवरून माणूस घाबरलेला दाखवायचा, हे काम किती अवघड आहे ते चित्र काढणाऱ्याला विचारा. हळबे ते वर्षानुवर्षं सहज करत राहिले. कालिया कावळ्याचं कावळेपण प्रदीप साठ्यांचं, तर ‘तंत्री द मंत्री’चा कपाळकरंटा प्रधान अशोक डोंगऱ्यांचा. दक्षिणेकडून आलेली गोष्ट, गोवेकरी वळणाच्या नावाचा लेखक, मराठी चित्रकार आणि अंक इंग्रजी. मुंबई याहून वेगळी काय असते!

१९८५ मध्ये संस्थेने आजवरचं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं. बेचाळीस अंकांचं महाभारत. चित्रांचा मुख्य भार दिलीप कदमांवर. कोणत्या पर्वाला किती अंक, कोणतं उपाख्यान ठेवायचं, कोणतं सोडायचं, याचा आराखडाच एखाद्या प्रबंधाएवढा असणार. हे काम चालू असताना २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर रामानंद सागरांचं ‘रामायण’ सुरू झालं. ते संपतं न संपतं तोच २ ऑक्टोबर १९८८ ला बी. आर. चोप्रांचं ‘महाभारत’. रविवारी सकाळी अंधेरीपासून मुलुंडपर्यंत रस्ते ओस. ज्या पेट्यांवरच्या एका प्रश्नमंजुषेतून ही मालिका जन्मली, त्याच पेट्यांनी आता तिची गोष्ट स्वतः सांगायला घेतली आणि फुकटात. कदमांचा अर्जुन चौकटीत रथ थांबवून उभा आणि पडद्यावरचा अर्जुन चालता-बोलता. पोरं कुठे जाणार हे उघड होतं. त्या मालिकांच्या वेशभूषेत आणि मांडणीत अमर चित्र कथेची छाप बघणारे अभ्यासक आहेत. मला ती दिसते. पण त्यामुळे अंक खपले असं मात्र झालं नाही.

आता १९९१.

या वर्षी मालिकेचा ४३६ वा अंक निघाला, जवाहरलाल नेहरूंवरचा, आणि नव्या अंकांची परंपरा तिथे थांबली. आदल्या वर्षी इंद्रजाल कॉमिक्स बंद झालं होतं. आखाती युद्धाच्या निमित्ताने केबलच्या तारा इमारतींच्या गच्च्यांवरून लोंबायला लागल्या होत्या, वर्षाअखेरीला स्टार टीव्ही आलं, पुढच्या वर्षी झी. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात उतरलं. उपनगरातल्या लायब्ऱ्यांनी हळूहळू कॉमिक्सच्या फळीवर व्हिडिओ कॅसेट मांडल्या. काहींनी शटर ओढली. त्या जागी झेरॉक्सची दुकानं आली, मग मोबाईलची.

सगळीकडे कॉमिक्स मरायला टेकली होती असंही नाही, बरं का. त्याच १९९१ च्या २१ नोव्हेंबरला पुण्यात ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची रोजची एक पट्टी. चहाबरोबर संपणारी. मराठी माणसाने चित्रकथा सोडली नव्हती. ती त्याला वर्तमानपत्रातच मिळू लागली.

मग इंद्रजाल संपलं आणि अमर चित्र कथा का संपली नाही? माझ्या मते उत्तर दोन निर्णयांत आहे आणि दोन्ही कलेचे नसून व्यवहाराचे आहेत. पहिला, अंकाला पुस्तक मानण्याचा. इंद्रजाल नियतकालिक होतं. तारीख उलटली की शिळं, उरलेल्या प्रती परत, आणि बहुतेक नायक परक्या मालकीचे. अमर चित्र कथेच्या अंकाला क्रमांक होता, पण तो शिळा व्हायचा नाही. ‘सावित्री’ १९७० मध्ये घ्या नाहीतर १९९५ मध्ये, फरक काय? चित्रं आणि पटकथा स्वतःच्या, पॉझिटिव्ह कपाटात. मागणी आली की छापा. जाड कागद, चांगलं मुखपृष्ठ, काही पुस्तकं एकत्र बांधून जाडजूड खंड, असं करत नव्वदचं अख्खं दशक पुनर्मुद्रणावर काढलं गेलं. महाभारताचे बेचाळीस अंक तीन खंडांत बांधले गेले आणि मुंजीत, वाढदिवसाला, अमेरिकेतल्या नातवंडांना देण्याची वस्तू झाले. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनी ही मालिका त्या दशकात किती तोलून धरली असेल, याचा अंदाज सुटीवर आलेल्या कोणाही भाच्या-पुतण्याची परतीची बॅग उचलून पाहिली तरी येई.

दुसरा निर्णय टिंकल चालू ठेवण्याचा. नवी पुस्तकं थांबली तरी चित्रकारांच्या हातांना काम राहिलं. संस्थेत नवीन माणसं येत राहिली, जुन्यांकडून शिकत राहिली. राम वाईरकर २००३ मध्ये गेले, तेव्हा सुप्पंडी पोरका झाला नाही. त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी तो हाती घेतला. हळबेंनंतर शंभू साव्हिओ मस्करेन्हस यांच्याकडे गेला. नुसत्या पुनर्मुद्रणावर जगलेल्या संस्थेत हे झालं नसतं. तिथे पंधरा वर्षांनी चित्रकार शोधायला जाहिरात द्यावी लागली असती.

याची दुसरी बाजूही आहे. जे पुन्हा पुन्हा छापायचं ते तपासायचा कंटाळा येतो. मालिकेवर झालेली टीका जुनी आणि बरीचशी रास्त आहे. देव आणि राजे गोरे किंवा निळे, राक्षस हटकून काळे. बायका एक तर पतिव्रता, नाही तर जळून जाणाऱ्या. इतिहासात कोण परका आणि कोण आपला, याची वाटणी फार सोपी. नंदिनी चंद्र आणि कार्लाइन मॅक्लेन या अभ्यासकांनी यावर सविस्तर पुस्तकं लिहिली आहेत. सत्तरच्या दशकात केलेली चूक २००० मध्ये नव्या कागदावर जशीच्या तशी उतरली, हा पुनर्मुद्रणाचा तोटा. बाबासाहेबांवर अंक काढला हे मोठंच, पण त्याच बाबासाहेबांची गोष्ट २०११ मध्ये ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी सांगितली, तेव्हा चौकटी मोडून माणसं, झाडं, प्राणी पानभर पसरले. दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत. चौकटीत बसवायच्या सवयीने काय काय बाहेर राहतं, ते लगेच दिसतं.

पुनर्मुद्रणाच्या काळात एखाददुसरा नवा अंक निघे. जेआरडी टाटा, कल्पना चावला. मग २००७ च्या अखेरीस समीर पाटील आणि श्रीपाल मोरखिया यांच्या एसीके मीडियाने इंडिया बुक हाऊसकडून अमर चित्र कथा आणि टिंकल विकत घेतलं. मॅकिन्सीतून आलेले पाटील, शेअरबाजारातले मोरखिया. जुन्या वाचकांच्या पोटात गोळा आला होता, पण गोळा येण्याचं कारण नव्हतं. नव्या मालकांनी सोळा वर्षं जवळजवळ बंद असलेलं नव्या पुस्तकांचं दुकान उघडलं. नवीन पुस्तकं, नवीन चित्रकार, मोबाईल, ॲप, ॲनिमेशन, सगळं करून पाहिलं. काही जमलं, काही फसलं. पुढे फ्यूचर समूहाचे पैसे आले. पाटील बाहेर पडले आणि २०१४ मध्ये ‘स्क्रोल’ या वृत्तसंकेतस्थळाच्या स्थापनेत दिसले. हा मालकीचा भाग मी भरभर सांगतो आहे, कारण वाचकाच्या हातातल्या पानावर त्याचा फारसा फरक पडला नाही.

फरक पडला तो पत्त्यात. एसीके मीडियाच्या काळातल्या पुस्तकांवर आणि टिंकलवर कार्यालयाचा पत्ता येऊ लागला तो मरोळ-मरोशी रोड, अंधेरी पूर्व, मुंबई ४०० ०५९. तोच पिनकोड. पूर्वी जिथे फक्त कागदाला शाई लागत होती, त्या मरोळमध्ये आता संपादक, लेखक, चित्रकार, सगळेच येऊन बसले. मधल्या काळात मरोळही बदललं होतं. कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती, जून २०१४ पासून वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो आणि तिचं मरोळ नाका स्टेशन, २०२४ मध्ये त्याच नावाचं भुयारी मेट्रोचंही. शहराचं केंद्र उपनगराकडे सरकलं, भाडी परवडणाऱ्या जागी कामं गेली, त्या ओघात चित्रकथाही आली. कुणी मुद्दाम छापखान्याची आठवण ठेवून जागा घेतली असेल असं मला वाटत नाही. पण योग जमला खरा.

अनंत पैंनी हे स्थलांतर पाहिलं. १९ फेब्रुवारी २०११ ला दिल्लीत भारतातला पहिला कॉमिक कॉन भरला, तिथे त्यांना जीवनगौरव जाहीर झाला. पाच दिवसांनी, २४ फेब्रुवारीला ते गेले. वय ८१. त्यांच्यामागे टिंकलची सूत्रं पुढच्या पिढीकडे गेली. रजनी थिंडियाथ संपादक असताना २०१५ मध्ये ‘विंगस्टार’ आली, मिझोरामची मापुई काव्लिम ही शाळकरी महानायिका. ईशान्येतली मुलगी मुख्य पात्र म्हणून मुंबईच्या मासिकात यायला टिंकलला पस्तीस वर्षं लागली. आली हे चांगलंच झालं.

आज संस्था चारशेहून जास्त पुस्तकं, वीस भाषा आणि दहा कोटी विकलेल्या प्रती असा हिशेब सांगते. त्यातला मराठीचा वाटा किती याचा उल्लेख कुठे होत नाही. इंग्रजी शाळांबरोबर अंधेरी-बोरिवलीतल्या मराठी घरांतही इंग्रजी अंक शिरले. ज्या चित्रकारांनी मराठीत विचार करून ही चित्रं काढली, त्यांच्या नातवंडांच्या पिढीने ती इंग्रजीत वाचली. दुकानदाराला मराठी अंक विचारला तर तो आधी इंग्रजी पुढे करतो. प्रकाशकाला दोष देऊन भागणार नाही, मागणी आपणच सोडली.

मराठी आवृत्त्यांचे जुने अंक अजूनही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गावच्या ट्रंकेत आहेत. पिना गंजलेल्या, मुखपृष्ठ फाटलेलं, आत कुणाच्या तरी लायब्ररीचा शिक्का. दिवाळीच्या साफसफाईत ते किलोच्या भावाने जातात. तुमच्याकडे असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या, शाळेत द्या आणि देण्याआधी शेवटच्या पानावरचा छपाईचा पत्ता आणि चित्रकाराचं नाव एका कागदावर उतरवून अंकातच ठेवा. वाईरकर, मुळीक, हळबे यांच्यावर उद्या कुणी मराठीत धड पुस्तक लिहायला बसला, तर त्याला तेच लागणार आहे.